परतीची तारीख

पाच फोन, एक स्टॉपवॉच
आणि भाग घेणाऱ्यांना द्यायचे स्टीलचे पंधरा डबे
घेऊन सिंदेवाहीच्या पुढं उतरलो, तेव्हा
गिरणीतला धानाचा कोंडा वाऱ्यावर उडत होता
आणि अंगणवाडीत माझ्यासाठी
पोरांच्या दोन बुटक्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

गुडघे हनुवटीशी घेऊन मी वाचून दाखवलं:
समजा, तुम्हाला सहलीला जायचं आहे.
दोन माणसं, दोन रात्री, थंड हवेचं ठिकाण.
ॲपवरून खोली बुक करून दाखवा.
चुकलं तर चूक ॲपची, तुमची नाही.
हे शेवटचं आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

हिवराज गुरनुले जंगलात जिप्सी चालवतो.
सव्वा मिनिटात खोली काढली त्यानं, वर विचारलं,
'फोटोत पलंगावर टॉवेलचा हंस हाये,
त्याचे पैसे येगळे का?'
मी लिहिलं: चित्रामुळे संभ्रम.

डोमाजींचं कोरडं बोट काचेला कळेना.
त्यांनी ते जिभेला लावलं,
नोटा मोजताना लावतात तसं,
आणि महाबळेश्वर उलटून पुढं गेले.
याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

मग पंचफुला लोनबले.
'सहल नको, बाबू. नागपूरची खोली पाहू का?'
नियमात बसत नव्हतं. पाहा म्हटलं.
तिनं गाळणी उघडली, रेशनच्या यादीवरून फिरवावं तसं
एकेका ओळीवरून बोट फिरवलं:
पोहण्याचा तलाव. मोफत नाश्ता. पाळीव प्राणी चालतील.
'मेडिकलच्या जवळ, हे कुठी लिवू?
जिना नको. धन्याले चढवत नाई.
स्टोव्ह पेटवू देतीन का, खिचडीपुरता?
अन् रातच्याले दोनदा भायेर पडली
तं गेट उघडतीन का कोनी?'
एकोणीस चौकटी होत्या आमच्याकडे.
मी पुन्हा मोजल्या.

येण्याची तारीख: तिनं सोमवारवर बोट ठेवलं,
सोमवार निळा झाला, ती जरा हसली.
खाली परतीची तारीख. शेजारी लाल चांदणी.
तिनं महिना पाहिला. पुढचा काढला. त्याच्या पुढचा.
तिच्या अंगठ्याखालून दिवाळी गेली,
संक्रांत गेली,
मोहफुलं वेचायचे दिवस आले आणि गेले.
'हे नाई भरलं तं?'
पुढं जाता येत नाही.
'पन डाक्टर तं सांगून नाई रायला.'

तीन मिनिटांनी थांबवायचं असतं.
स्टॉपवॉचवर चार मिनिटं बारा सेकंद झाले होते.
तिनं फोन पालथा ठेवला, हलकेच,
गरम झाकण ठेवावं तसा.
डबा मात्र घेतला, दोनदा उघडून लावून पाहिला.
'याचं झाकण बरं लागते,' म्हणाली.
दिवसभरात मिळालेला हा एकच स्वच्छ अभिप्राय.

सहाची गाडी आलीच नाही.
मी आमचंच ॲप उघडून या गावाचं नाव टाकलं:
परिसरात एकही निवास उपलब्ध नाही.
चंद्रपूर पाहायचं आहे का?
हिवराज हसला आणि मला लोनबल्यांच्या ओसरीवर
बाजेशी सोडून गेला.
आत कोणीतरी खोकत होतं, थांबत होतं, खोकत होतं.
ती पाण्याचा गडवा ठेवायला आली.
'किती दिवस हाये आता?'
उद्या सकाळच्या गाडीनं जाईन.
'बरं हाये,' ती म्हणाली, 'तुले ठाऊक तं हाये.'

रात्री अहवाल भरायला घेतला.
सहभागी अकरावी. कार्य अपूर्ण.
कारण:
त्याच्याही शेजारी लाल चांदणी होती,
भरल्याशिवाय पुढचं पान येईना.
बाजेवर बसून मी तो कोरा चौकोन पाहत राहिलो,
आत खोकला थांबेपर्यंत,
आणि थांबल्यावरही.